खोक्यावर बसू नये

"मावशी, शनिवारी गिग आहे माझा. येशील ना?"

भाच्याचा फोन आला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. दुसरी आणि तिसरी यांच्या मधे माणूस कशालाही हो म्हणतो. गॅस बंद केल्यावर लक्षात आलं की शेवटी तो "तिकिटाची लिंक पाठवतो" असंही काहीतरी म्हणाला होता.

तिकीट 499 रुपये. ज्याला मी मांडीवर घेऊन थोपटत गाणी म्हटली, रात्री-रात्री म्हटली, आणि एक पैसा घेतला नाही, त्याच्याकडून हे! नवरा वकील आहे, त्याला भलत्याच गोष्टीचं कौतुक वाटलं. "499 का, कळलं का तुला? संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट पाचशेपर्यंत असेल तर जीएसटी नाही. पाचशेच्या वर गेलं की 18 टक्के." म्हणजे पोरगा सुरात कसा आहे ते कळायचं होतं, पण हिशेबात पक्का निघाला. ताईवर गेलाय. तिकिटाच्या अ‍ॅपनं वर 'सोयीचे' म्हणून आणखी पैसे लावले. सोय कुणाची, ते लिहिलं नव्हतं.

सोबत पोस्टर आलं. डिसेंबरचे तीन शनिवार, 7, 14 आणि 21, दर शनिवारी दोन कलावंत. त्यात भाच्याचं नाव सापडेना. मग कळलं की ते इंग्रजीत लिहिलंय आणि त्यातले ए, आय, ओ वगैरे सगळे गाळलेत. आता हीच पद्धत आहे म्हणे. गाणाऱ्या माणसानं सुरुवातच नावातले स्वर काढून टाकण्यापासून करावी, हे मला काही बरं लक्षण वाटलं नाही.

आईला सांगितलं. आई 81 वर्षांची आहे, गुडघे माझ्यापेक्षा चांगले, कान तिच्या सोयीनुसार.

"इंडी म्युझिकचा कार्यक्रम आहे," मी म्हटलं.

"इंडीला? मग येताना लिंबं आणा." आईचं माहेर सोलापूर. विजापूरच्या गाडीला वाटेत इंडी रोड लागतं आणि इंडीची लिंबं त्या भागात प्रसिद्ध. तिला बरीच समजूत घालावी लागली की हे इंडी म्हणजे इंडिपेंडंटमधलं. सिनेमाचं नाही, कुठल्या कंपनीचं नाही. शब्द आपले, चाल आपली, रेकॉर्डिंग आपल्याच खोलीत, कपाटाचं दार उघडं ठेवून, म्हणजे कपड्यांमुळे आवाज घुमत नाही.

"म्हणजे त्याला कुणी घेत नाही," आई म्हणाली.

"आजी, मीच कुणाला घेत नाही," हे भाच्याचं फोनवरचं उत्तर. मग त्यानं आम्हाला इतिहास ऐकवला. एनएच7 वीकेंडर हा एवढा मोठा फेस्टिव्हल 2010 मध्ये सुरू झाला तो आपल्या पुण्यातच, पण आता मजा मोठ्या मैदानात नाही, अंगणात आहे. चाळीस माणसं, गाणारा चार फुटांवर, मधे कुणी नाही. लंडनमध्ये 2009 साली सोफार साउंड्सवाल्यांनी अशा घरगुती मैफिली सुरू केल्या. ठिकाण आदल्या दिवशी कळवायचं, लोकांनी जमिनीवर बसायचं आणि गाणं चालू असताना बोलायचं नाही.

"यात नवीन काय?" आई म्हणाली. "वाड्यात बैठकी अशाच व्हायच्या. फक्त ठिकाण आधी माहीत असायचं. आणि तक्के असायचे."

तक्क्यांचा मुद्दा तेव्हा मी सोडून दिला. पुढे त्याची फार आठवण झाली.

ठिकाण शुक्रवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. एरंडवण्यात, डीपी रस्त्याच्या आत एका जुन्या बंगल्याचं मागचं अंगण. नकाशावरची टाचणी मात्र मुठेच्या पात्रात रोवलेली. म्हात्रे पुलाशी दोनदा वळसा घातला. तिसऱ्यांदा नवऱ्यानं गाडी एका लॉन्सच्या फाटकात घातली, तर तिथे आमच्यावर अत्तर उडवलं आणि हातात पेढा ठेवला. आईनं पेढा खाऊन टाकला. म्हणाली, "व्यवस्था चांगली आहे." तिथून तिला बाहेर काढायला पाच मिनिटं गेली.

खरं अंगण सापडलं तेव्हा सात वाजून गेले होते. आंब्याचं मोठं झाड, फांद्यांवर पिवळ्या दिव्यांच्या माळा, खाली सतरंज्या. चहा कुल्हडमध्ये, 120 रुपये. आईसाठी यजमानांनी घरातून एक वेताची खुर्ची आणली. अख्ख्या अंगणात खुर्ची ती एकच. बाकी पंचविशीतली पोरं मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, तासन्‌तास बसायच्या तयारीनं बसलेली. त्यांना पाठीचा कणा आहे याचा मला हेवा वाटला. माझ्याकडे मणके आहेत, सुटे.

मी आडोसा शोधू लागले. भिंतीला टेकावं तर भिंतीवर कुंड्या. झाडाला टेकावं तर मुंग्या. तेवढ्यात पुढच्या बाजूला, गिटारच्या शेजारी, एक लाकडी खोकं रिकामं दिसलं. गुडघ्याएवढं उंच, वरून गुळगुळीत, जणू माझ्याचसाठी ठेवलेलं. तरीही मी सभ्यपणे इकडेतिकडे पाहिलं, कुणाचा रुमाल वगैरे नाही ना याची खात्री केली, आणि बसले.

धप्प्!

आवाज माझ्या खालून आला नाही. तो दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून आला. अंगणभर घुमला, बंगल्याच्या भिंतीवर आपटून परत आला. शेजारच्या गच्चीवर कुत्रं भुंकायला लागलं. मी दचकून सावरायला गेले, तर पुन्हा धप्प्, आणि माझ्या बांगडीचं खर्र. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. एकीनं टाळी वाजवली, तिला वाटलं सुरुवात झाली.

"मावशी, ऊठ! तो कहोन आहे!"

कहोन म्हणजे खोक्याचा ढोल. वाजवणारा त्याच्यावरच बसतो आणि पायांमधून पुढच्या फळीवर थापा मारतो. मागे एक भोक असतं, त्यात माइक ठेवलेला असतो, आणि माइक, अर्थातच, चालू असतो. साउंडवाल्या मुलानं टॅबलेटवर बोटं फिरवत माझ्याकडे पाहून मान डोलावली. "लेव्हल परफेक्ट आली काकू." माझ्या बसण्यानं त्याचा साउंड चेक झाला होता.

आईला वाद्याची माहिती हवी होती. भाच्यानं घाईघाईत सांगितलं, "आजी, हे मूळ पेरूचं आहे. मालाची रिकामी खोकी वाजवता-वाजवता त्याचं वाद्य झालं."

"पेरूचं खोकं होय!" आई मागच्या मुलीला म्हणाली. "मार्केट यार्डात रिकामी ढिगानं मिळतात."

शेवटी मी सतरंजीवर, पहिल्या रांगेत बसले, कारण मागे जायला वाट नव्हती.

आणि इथे मला माझी खरी अडचण कळली. श्रोता म्हणून मी वाईट नाही. आईनं मला लहानपणापासून सवाईला नेलंय. 1953 सालापासूनचा महोत्सव आणि रात्रभर चालायचा तेव्हा. रमणबागेच्या मांडवात भारतीय बैठकीचं तिकीट काढायचं, शाल पांघरायची, बारापर्यंत ऐकायचं, मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचं. पहाटे भीमसेन बसले की आई चिमटा काढून उठवायची. मधल्या वेळात बटाटेवडा, स्वेटरची वीण, शेजारणीच्या सुनेची हकीकत. हजारोंच्या मांडवात तुम्ही ऐकताय की नाही, हे विचारणारं कुणी नसतं. गवई फार लांब, ठिपक्याएवढा. त्याला तुमची जांभई दिसत नाही.

इथे भाचा चार फुटांवर. तो गाताना थेट माझ्या डोळ्यांत बघत होता. नंतर कळलं की घाबरला की ओळखीच्या एकाच माणसाकडे बघायचं, असं त्याला कुणीतरी शिकवलंय. तो माणूस मी. त्यामुळे त्याला दुःख झालं की मला दुःखी दिसावं लागे. त्याचं प्रेम तुटलं की मला समजूतदार दिसावं लागे. तोंड नेमकं कसं ठेवायचं हेच मला सुचेना. जांभई आली ती नाकातून सोडली, डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं गाणं भिडलं. त्यानं कडवं पुन्हा घेतलं.

गाण्याआधी प्रस्तावना असायची. दोन मिनिटांच्या गाण्याला पाच मिनिटांची. हे गाणं त्यानं कसं रात्री तीनला लिहिलं, तेव्हा पंखा कसा बंद होता. मग गिटार लावणं. डिसेंबरच्या गारठ्यात तारा आखडतात, सूर चढतो, म्हणून दर गाण्याआधी खुंट्या पिळाव्या लागतात. "हा तंबोरा आधीच लावून आणता येत नाही का?" आईनं विचारलं. तिला वाटलं हळू विचारलं.

पोरं मात्र गप्प. फोन बंद, कुजबुज नाही. शांतता इतकी की मी मांडी बदलली तेव्हा गुडघ्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पर्समध्ये चिवड्याची पुडी होती. ती उघडायला मी दोन गाणी घेतली, एका टाळ्यांना एक घडी. डासांना मात्र हे नियम कुणी सांगितले नव्हते. ओडोमॉसची ट्यूब रांगेतून प्रसादासारखी फिरत होती, जो तो थोडं घेऊन पुढे देत होता.

सव्वानऊला वरात आली.

डीपी रस्त्याला लॉन्स एकाला एक लागून, आणि डिसेंबर म्हणजे मुहूर्तांचा महिना. भाचा त्याच्या सगळ्यात हळव्या गाण्यात होता, ज्यात एक मुलगी काहीही न बोलता निघून जाते. ती निघाली आणि कुंपणापलीकडून बँड वाजला. ताशा, ट्रम्पेट, जनरेटर. मुलगी काही बोलली असती तरी ऐकू गेलं नसतं. भाचा थांबला. ओठ पांढरे. मग खोक्यावरच्या पोरानं, मिश्या अजून पुरत्या फुटलेल्या नव्हत्या त्याला, कान देऊन ताशाचा ठेका पकडला आणि फळीवर तोच वाजवायला लागला. अंगणात कुणीतरी टाळी धरली. भिंतीपलीकडून एक शिट्टी आली, त्यांनाही कळलं असावं. सात-आठ मिनिटं मुठेकाठच्या त्या दोन लग्नघरांमधलं आमचं अंगण नुसतं उसळत होतं. मी मांडी सोडून पाय पसरले. तेवढ्या वेळात माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं.

"हे चांगलं बसवलंय," आई म्हणाली.

वरात पुढे गेली तेव्हा यजमान घड्याळ दाखवू लागले. पावणेदहा. शेवटचं गाणं राहिलं होतं. भाच्यानं प्रस्तावना सुरू केली, आणि ताईनं, जिनं संध्याकाळभर एक शब्द काढला नव्हता, मागून सांगितलं, "नुसतं म्हण." तरी तार लावण्यात वेळ गेलाच. पहिला सूर लागायला आणि दहा वाजायला एकच गाठ पडली. साउंडवाल्यानं स्पीकर बंद केले. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर चालत नाही. सवाईच्या रात्री यातच गेल्या.

"माइकशिवाय म्हणतो. नुसती गिटार," भाचा म्हणाला.

"तीही नाही चालणार," नवरा म्हणाला. अशा वेळी त्याला थांबवता येत नाही. "नियम 2000 सालचे आहेत, पण 2010 मध्ये दुरुस्ती झाली. त्यात वाद्यंही आली." सगळं अंगण त्याच्याकडे बघू लागलं. माझ्यानंतर त्याचाच नंबर होता. तो जरा वरमला. "गळा मात्र त्यात कुठे लिहिलेला नाही."

भाच्यानं गिटार झाडाला टेकवून ठेवली. हातांचं काय करावं ते त्याला कळेना, मग त्यानं ते खिशात घातले. पोरं सतरंजीवरून पुढे सरकली. आईनं खुर्ची ओढली, ती सरळ त्याच्या गुडघ्याला लागली. तो गायला लागला. आवाज लहानच आहे त्याचा, थोडा नाकात. पण आता शब्द कळत होते, आणि ते सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जिन्याचे होते. तो वाडा पडला तेव्हा हा सहा वर्षांचा होता. अंधारा जिना, दोर धरून चढायचं, वरून आजीची हाक, आणि दर कडव्याच्या शेवटी 'सतरा पायऱ्या'. या वेळी तो माझ्याकडे बघत नव्हता. मी तोंड कसंही ठेवलं.

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, दहा वाजून गेले होते म्हणून. पोरांनी हात वर करून नुसती बोटं हलवली.

आई खुर्चीतून उठली. त्याच्या गालाला हात लावला.

"अठरा होत्या," ती म्हणाली.

"काय, आजी?"

"पायऱ्या. अठरा. पाणी भरून चढलेय मी. तू शेवटची उडी मारायचास, म्हणून तुला सतरा वाटतात."

"आजी, ते मीटरमध्ये..."

"जिथे सतरा बसतं तिथे अठरा का नाही बसत?"

तो ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघत होता. नवऱ्यानंही म्हणून बघितलं. बसत होतं.

"सतराचा फील वेगळा आहे," भाचा अगदी बारीक आवाजात म्हणाला.

गाडीत आई खिडकीबाहेर बघत, मांडीवर बोटं मोजत होती. दाराशी जमलेल्या पैशांतून त्याला काय मिळणार, हे मी ताईला विचारलं. पेट्रोल सुटेल, म्हणाली. श्रोते चाळीस, त्यातले नातेवाईक आम्ही अकरा.

21 तारखेला तो पुन्हा आहे. आईनं तिकीट काढायला सांगितलंय, स्वतःचं, आणि खुर्ची तीच हवी म्हणून यजमानांना निरोपही धाडलाय. अठरा म्हणतो की नाही, ते तिला बघायचंय. मी तक्क्या घेऊन जाणार आहे.