जावई अंतरपाटाआड

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात वायफायचा डबा आला, त्याच्या पाठीला यूएसबीचं भोक निघालं आणि माझी झोप उडाली. त्यात पेनड्राइव्ह खोचला की घरभर, टीव्हीवरसुद्धा, त्यातलं दिसतं, असं मी जेवताना बोलून गेलो. बाबांनी ताटावरून मान वर केली. "मंग आपल्या बाईचं लगन लाव त्याच्यात."

बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओचा पेनड्राइव्ह ६४ जीबीचा. लॅपटॉपनं दाखवले ५९.६. कापसाच्या काट्यापाशी हयात गेलेल्या माणसाला घट लगेच दिसते.

"इथंबी कडता कापते काय?"

कंपनी १०००च्या हिशेबानं मोजते, लॅपटॉप १०२४च्या, असं मी समजावलं.

"म्हंजे कापतेच."

डब्यानं पेनड्राइव्ह ओळखला नाही. आत एनटीएफएस नावाची फाइल सिस्टीम, डब्याला हवी फॅट३२. फाइल सिस्टीम म्हणजे पेनड्राइव्हचा तलाठी. शिवार तेच, पण कोणता तुकडा कुणाचा हे त्याच्या दप्तरात. तलाठी बदलायचा तर फॉरमॅट मारावा लागतो. माझं विंडोज ३२ जीबीच्या वर फॅट३२ करू देईना, म्हणून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि बटण दाबलं. काही सेकंदांत काम फत्ते. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या.

"भाऊजी, आतलं आधी काढून ठेवलं होतं ना?"

सातबारा कोरा करण्याच्या घोषणा ऐकत मी लहानाचा मोठा झालो. प्रत्यक्षात कोरा झालेला पाहिला तो हा एकच, आणि तोही मीच केलेला.

नशीब, क्विक फॉरमॅटमध्ये दप्तरच जातं. नवीन पेरा होईपर्यंत जुनं पीक बहुतेक शेतातच उभं असतं. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून रात्रभर बसलो. पहाटे कोंबडा आरवला तेव्हा लग्न लॅपटॉपवर सापडलं. नाव गेलेलं, नुसता नंबर. फाइल ७ जीबीची.

ती डब्यातून पेनड्राइव्हवर चढवायला घेतली, तर जागा नाही म्हणे! अख्खं रान पडीक आणि एका फाइलला जागा नाही? फॅट३२च्या दप्तरात फाइलचा आकार लिहायचा रकानाच ३२ बिटांचा. ४ जीबीच्या वरचा आकडा त्यात बसत नाही. २००६ साली आलेल्या एक्सफॅटमध्ये ही अडचण नाही, पण आमचा डबा त्याला ओळख दाखवत नाही.

मग फाइल मधोमध कापली. पहिला भाग चढला. दुसरा अर्धा चढला आणि लाइन गेली. दोन तासांनी आली तेव्हा डबा पेनड्राइव्ह वाचू देत होता, लिहू देत नव्हता. मी हात जोडले.

रात्री अर्धी आळी टीव्हीपुढे. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, अक्षतांच्या मुठी वर गेलेल्या, आणि पडदा काळा. पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच.

बाबा माझ्याकडे वळले. "कवाचे उभे हायेत जावई. त्यायले बसू तं दे."