आदल्या दिवशी सर्व्हिसिंग? नकोच!

कोकण किनाऱ्याने गोव्याला सायकलने जायचे बेत सुरू झाले की ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: ‘निघायच्या आदल्या दिवशी फुल सर्व्हिसिंग करा, टायरवर लिहिलेली कमाल हवा भरा, चेनला भरपूर तेल पाजा, ब्रेक लागतात का बघा. मग गोव्यापर्यंत बघायला नको.’

बघावं लागतं, आणि बहुतेकदा पहिल्याच दिवशी.

आदल्या दिवशी नवी गियर केबल टाकली की पहिल्या 50-100 किलोमीटरांत तिची आउटर (बाहेरची नळी) टोकांशी दबून बसते आणि केबल सैल पडते. सैल केबलने चेन मागच्या मोठ्या दातेरी चकतीवर, म्हणजे हलक्या गियरवर, चढायला कुरकुरते, तीही नेमकी चढावर. तवसाळहून फेरीबोटीने खाडी ओलांडून जयगडला उतरलात की समोर चढच असतो. नवे डिस्क पॅडही वीसेक वेळा दाबून बसवल्याशिवाय पूर्ण पकडत नाहीत. म्हणून सर्व्हिसिंग दोन-तीन आठवडे आधी. मग सगळं सामान लादून 60-70 किलोमीटर चालवा, जे सैल होईल ते आवळा. आदल्या दिवशी फक्त हवा.

शिवाय ‘फुल सर्व्हिसिंग’मध्ये चेन धुतली जाते, मोजली जात नाही. स्टीलची पट्टी लावा. एका पिनच्या मध्यावर शून्य धरलं की चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर हवी. 1/16 इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. 1/8 पुढे असेल तर कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) गेली समजा; तिच्यावर नवी चेन टाकली तरी जोर लावला की घसरते. हे कळायलाही तो सामानासकटचा फेरा लागतो.

कमाल हवा ही टायरची मर्यादा आहे, सल्ला नव्हे. 32 मिमी टायर आणि स्वार, सायकल, सामान मिळून 95-100 किलो असतील तर मागे 60-65, पुढे 50-55 पीएसआयपासून सुरुवात करा. त्याहून कडक टायर उखडलेल्या डांबरावर नुसता उड्या मारतो, हात बधिर होतात. फार कमी ठेवलीत तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा मिनिटं थांबून बाहेरून कोरडं पुसायचं. भिजलेल्या चेनला जांभ्याची लाल धूळ चिकटते आणि त्याचा घासकागद होतो.

ब्रेक ‘लागतात’ हे पुरेसं नाही. पॅड किती उरलाय ते बघा. मसाला, म्हणजे पॅडचा घासणारा थर, दीड मिलिमीटरच्या आत आला असेल तर तो पॅड टूरवर नेऊ नये. रिम ब्रेकच्या रबरात ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले असतात, ते सुईने काढा. नाहीतर ते रिम खातात.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ते म्हणजे मागच्या चाकाचे स्पोक (आरे). कॅरियरचं वजन तिथेच येतं. दोन-दोन स्पोक चिमटीत दाबत चाकाभोवती फिरा. कॅसेटच्या बाजूचे मुळातच जास्त ताणलेले असतात, म्हणून तुलना त्याच बाजूच्या स्पोकांशी. जो ढिला लागेल तो दर फेऱ्याला वाकत राहतो आणि एक दिवस हबजवळच्या (चाकाच्या तुंब्याजवळच्या) वाकणात तुटतो. चाक आउट होऊन, म्हणजे वाकडं फिरू लागून, ब्रेकला घासायला लागतं. जादा स्पोक नेताना पुढचे, मागचे डावे आणि मागचे उजवे वेगवेगळे मोजून घ्या, लांबीत काही मिलिमीटरचा फरक असतो. उजवा बदलायला बहुतेक वेळा कॅसेट उतरवावी लागते. तिच्या लॉकरिंगचा (तिला धरून ठेवणाऱ्या कड्याचा) पाना गावातल्या पंक्चरवाल्याकडे क्वचितच मिळतो. तो सोबतच ठेवा.