बॅकअप सर्व्हर म्हणजे उरलासुरला सर्व्हर नव्हे

बॅकअप सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायला वेळ मागितला की वरून ठरलेले उत्तर येते, "नुसता बॅकअपच तर आहे, कधीही करून टाका." हे वाक्य ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मुख्य डेटाबेसचा सर्व्हर अपग्रेड करायचा असेल तर आधी बैठका होतात, पर्यायी यंत्र मिळते, रात्रीची वेळ राखून ठेवली जाते. आणि त्याच डेटाबेसची शेवटची प्रत ज्या यंत्रावर आहे, त्याच्यासाठी एक जादा डिस्कसुद्धा मंजूर होत नाही. शिवाय "कधीही" म्हणजे नेमके केव्हा? रात्रभर त्यावर बॅकअप चालू असतात, पहाटे त्यांची दुसरी प्रत निघते आणि दिवसा कोणाला तरी चुकून खोडलेली फाइल तातडीने परत हवी असते.

अशी टाळाटाळ करता करता ऑपरेटिंग सिस्टीमला आधार, म्हणजे सुरक्षा-दुरुस्त्या, मिळण्याची मुदत संपते आणि मग एकाऐवजी दोन उड्या माराव्या लागतात. डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या 10 व्या आवृत्तीचा दीर्घकालीन आधार 30 जून 2024 रोजी संपला. तिथून 12 वर जायचे तर 11 वर थांबूनच जावे लागते, आणि या प्रवासात पोस्टग्रेस (डेटाबेस सांभाळणारे सॉफ्टवेअर) आवृत्ती 11 वरून 13 वर व तिथून 15 वर जाते. कोणती फाइल कोणत्या बॅकअप संचात आहे याची नोंदवही त्याच पोस्टग्रेसमध्ये असेल, तर ती दोनदा हलवावी लागते. ती बिघडली की डेटा जागेवर असूनही शोधता येत नाही.

बाकीच्या यंत्रांना स्वतःपुरते पाहायचे असते, बॅकअप सर्व्हरला मात्र नव्याजुन्या सगळ्यांशी बोलावे लागते. यंत्रांना एकमेकांशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रामच्या 8.8 आवृत्तीपासून, म्हणजे 2021 पासून, शा-1 या जुन्या, कमकुवत पद्धतीवर आधारलेल्या आरएसए स्वाक्षऱ्या (ओळख पटवण्याच्या डिजिटल खुणा) मूळ सेटिंगमध्येच नाकारल्या जातात. तो निर्णय योग्यच आहे. पण 2016 च्या 7.2 आवृत्तीच्या आधीचे ओपनएसएसएच असलेले आणि केवळ आरएसए किल्लीवर चालणारे जुने यंत्र कोपऱ्यात उरले असेल, तर अपग्रेडच्या रात्रीच त्याचा बॅकअप बंद पडतो. ते यंत्र निवृत्त करा म्हणून वारंवार लिहूनही ज्यांनी लक्ष दिले नाही, तेच दुसऱ्या दिवशी "तुम्ही काय बिघडवलेत?" असे विचारतात, आणि वर सर्वांसाठीच ती जुनी पद्धत पुन्हा सुरू करायला सांगतात. एका यंत्रापुरती सवलत देता येते हे ऐकून घेण्याइतकीही सवड त्यांना नसते.

सर्वांत संताप येतो तो मात्र हिरव्या, म्हणजे सगळे बॅकअप "यशस्वी" दाखवणाऱ्या, अहवालाचा. बॅकअपच्या डिस्कसाठी वापरलेल्या झेडएफएस या फाइल साठवण्याच्या प्रणालीचे मॉड्यूल लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) नसते, त्यामुळे कर्नल बदलला की ते पुन्हा बांधावे लागते. ते बांधले गेले नाही तर बॅकअपची डिस्क माउंट होत नाही, म्हणजे सिस्टीमला जोडली जात नाही, परंतु तिच्या नावाची रिकामी डिरेक्टरी जागच्या जागी असते. बॅकअपचा प्रोग्राम ती पाहतो आणि खुशाल सगळे रूट डिस्कवर, म्हणजे सिस्टीमच्या स्वतःच्या डिस्कवर, लिहीत सुटतो. लहान यंत्रांचे बॅकअप "यशस्वी" म्हणून नोंदले जातात, मोठ्याची पाळी आली की रूट डिस्क तुडुंब भरते आणि लॉग लिहायलाही जागा उरत नाही. लिहिण्याआधी इथे खरोखर डिस्क माउंट झाली आहे का, हे एका ओळीत तपासता येते; ही तपासणी प्रत्येक बॅकअप प्रोग्रामने आपणहून का करू नये?

अपग्रेडनंतर एखादा डेटाबेस वेगळ्या यंत्रावर रिस्टोअर करून पाहण्यासाठी अर्धा दिवस मागितला, तर "अहवाल हिरवा आहे ना, मग कशाला?" असे सुनावले जाते. हिरवा अहवाल फार तर एवढेच सांगतो की प्रोग्राम त्रुटी न देता थांबला. त्या प्रतीतून डेटाबेस उभा राहतो का, हे त्यातून कळत नाही. तो अर्धा दिवस मी लेखी मागितला आहे आणि मिळेपर्यंत मागत राहणार आहे.