फाटे बेचाळीस, वर एक

गुरुवारी संध्याकाळी माझं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, लाल झालं. कोड चालत होता, टेस्ट सगळ्या पास. पण या महिन्यापासून आमच्याकडे गुंतागुंत मोजणारं टूल बसवलंय. त्याने निकाल दिला: ४३, मर्यादा १०. खाली टीम लीडची कमेंट, "सर, थोडं वाचनीय करता येईल का?" आणि पुढे एक हसरा चेहरा. पोराला तीन वर्षांचा अनुभव, मला एकोणीस. ४३ पेक्षा तो 'सर' जास्त झोंबला.

घरून काम असलं की माझ्या खुर्चीमागच्या सोफ्यावर सासरे असतात. अप्पा एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी पेन अजून कानावरच.

"जावईबापू, ते लाल काय झालंय?"

सांगायला नको होतं. पण चिडलेला माणूस भिंतीलाही सांगतो. म्हटलं, प्रोग्राममध्ये जिथे जिथे 'असं असेल तर इकडे, नसेल तर तिकडे' येतं, ते मोजायचं आणि त्यात एक मिळवायचा. १९७६ साली थॉमस मॅकेब नावाच्या गृहस्थाने हे माप काढलं. दहाच्या आत ठेवा, हेही त्याचंच.

"म्हणजे फाटे," अप्पा म्हणाले.

मी गप्प झालो. एकोणीस वर्षं मी त्याला सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी म्हणत होतो.

अप्पा खुर्ची ओढून बसले. माझं फंक्शन एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या तिकिटांवरची सवलत ठरवतं, म्हणजे विषय त्यांच्याच घरचा. इंग्रजी कळायचं कारण नव्हतं. 'इफ' कसा दिसतो तेवढं विचारून घेतलं आणि पेनाच्या टोकाने स्क्रीनवर एकेक फाटा टिपत खाली गेले. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला आकडा लिहिला: २९.

"त्रेचाळीस कुठून आणले तुमच्या यंत्राने?"

"'आणि', 'किंवा' हेही धरतात, अप्पा. ज्येष्ठ असेल आणि ओळखपत्र असेल, तर दोन धरायचे. तसे तेरा. वर तो एक."

"'आणि'चं वेगळं तिकीट?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच सुटे पैसे दाबून ठेवलेत.

मग खरी शाळा सुरू झाली. "साताऱ्याच्या रस्त्याला नसरापूर फाटा लागतो, पुढे कापूरहोळचा फाटा. त्याचा ड्रायव्हरला त्रास नाही. एकामागून एक येतात, मागे पडतात. त्रास कुठे? फाट्यावरून आत गेलात, तिथून आणखी एक फाटा, त्याच्या आत वाडी, आणि रात्रीचे नऊ. परत बाहेर कुठून यायचं तेच आठवत नाही. तुमचं हे," त्यांनी स्क्रीनवरचा एक 'इफ' दाखवला, जो पाच 'इफ'च्या पोटात बसला होता, "हे वाडीवर गेलंय."

गंमत म्हणजे मॅकेबचं माप याला वेगळं धरतच नाही. सरळ रस्त्यावरचे पाच फाटे आणि पोटात पोट घातलेले पाच, दोन्ही सारखेच. बारा महिन्यांची नावं देणारा साधा स्विच लिहा, म्हणजे बारा पर्यायांची (त्यांना 'केस' म्हणतात) सरळ यादी, शेंबडं पोर वाचेल, आकडा मात्र तेरा. कोड तपासणारी टूल बनवणाऱ्या सोनारसोर्सवाल्यांनी कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी नावाचं दुसरं माप काढलंय, त्यात आत-आत गेलं की दंड वाढतो आणि अख्खा स्विच एकदाच मोजतात. म्हणजे अप्पांचंच माप. आमच्याकडे ते लावलेलं नाही. लावायचं तर मीटिंग लागेल.

"आणि हा कोण?" अप्पांचं पेन सगळ्यात तळाशी पोचलं होतं.

"तिकीटच रद्द झालेलं असेल तर सवलत शून्य."

"अहो, मग त्याला स्टँडवरच उतरवा की! भोरपर्यंत फुकट नेऊन मग पास विचारताय?"

खरं होतं. रद्द तिकीट, चुकीची तारीख, मुदत संपलेला पास, सगळ्यांना मी फंक्शनच्या तोंडाशीच 'रिटर्न' दिला, म्हणजे तिथूनच परत पाठवलं. पाच पायऱ्या आत गेलेला कोड दोन पायऱ्यांवर आला. रात्री साडेदहाला वाचून पाहिला तर मलाच पहिल्यांदा समजला. खुशीत टूल चालवलं.

४३.

उतरवायचे ठिकाण बदलले, फाटे तेवढेच राहिले. यंत्राच्या लेखी काही घडलंच नाही. आणि फाटे काय माझ्या हौसेचे आहेत? गिऱ्हाईकाचा नियम असा: ज्येष्ठांना सवलत, पण दिवाळीत नाही, पण आगाऊ बुकिंग असेल तर आहे, पण स्लीपर असेल तर निम्मी. शाळेत बाई म्हणायच्या, उगाच फाटे फोडू नकोस. इथे फाटे फोडायचा पगार त्या लोकांना मिळतो आणि लाल मी होतो.

शेवटी केलं तेच, जे सगळे करतात. फंक्शनचे नऊ तुकडे पाडले, जिथे ओळी संपल्या तिथे कापून. नावं दिली चेकवन, चेकटू, थेट चेकनाईनपर्यंत. नावं कोणतंच टूल मोजत नाही. एकही तुकडा सातच्या वर नाही. सगळं हिरवं. लीडने अंगठा पाठवला: "आता किती क्लीन वाटतंय, सर!" वाचलं असेल यावर माझा विश्वास नाही.

सोमवारी गिऱ्हाईकाची तक्रार आली. लहान मुलांना सवलत दोनदा मिळतेय. दुपारपर्यंत मी चेकथ्रीतून चेकसेव्हनमध्ये, तिथून चेकफाईव्हमध्ये आणि परत चेकथ्रीत हिंडत होतो.

"गाडी कुठवर आली?" सोफ्यावरून आवाज.

"सापडत नाहीये, अप्पा. नऊ ठिकाणी आहे."

अप्पांनी कानावरचं पेन काढलं, वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी लिहिलं आणि घडी घालून ठेवून दिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.