पाचशेतीन नकार

१ ते ९ अंक ओळीने लिहिले की होणारी १२३४५६७८९ ही संख्या दिसायला काय गुणी! उंचीप्रमाणे रांगेत उभ्या केलेल्या पोरांसारखी. तिचे मूळ अवयव पाडायला बसलं, की मग कळतं.

सुरुवात गोडच. अंकांची बेरीज ४५, म्हणजे नऊने भाग जाणारच. उरतात १३७१७४२१. इथे पेन थांबवून आकडा पुन्हा बघावा. उतरवताना शेजारच्या ७ आणि ४ची अदलाबदल झाली तरी अंकांची बेरीज २६ ती २६च राहते आणि नऊची कसोटी साळसूदपणे मान डोलावते. ही चूक पकडते अकराची कसोटी, कारण ती अंक आळीपाळीने मिळवते आणि वजा करते.

७, ११ आणि १३ यांचा निकाल एकदम लागतो, कारण त्यांचा गुणाकार १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट: ४२१ वजा ७१७ अधिक १३, म्हणजे उणे २८३. २८३ला तिघांपैकी कुणीच भागत नाही. तिघेही घरी!

पुढे १७, १९, २३... वर्गमूळापर्यंतच जायचं असतं, हा दिलासा. पण ते वर्गमूळ निघतं ३७०३च्या पुढे. दर वेळी बाकी उरते आणि दर वेळी वाटतं, भागाकारच चुकला असणार. शेवटी भाग जातो ३६०७ने. ही पाचशेचारावी मूळ संख्या. म्हणजे त्याआधी पाचशेतीन नकार! नोकरीच्या अर्जांनाही इतके येत नसावेत.

आता सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती बघा आणि कपाळावर हात मारा. वर्गमूळाच्या वरची एकेक संख्या घ्यायची, तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करायची आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग निघाला की थांबायचं; कारण दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या दोन संख्यांची बेरीज गुणिले वजाबाकी. वर्गमूळाच्या लगेच वरची संख्या ३७०४. तिच्या वर्गातून १३७१७४२१ वजा केले की २१९५. पूर्ण वर्गाच्या शेवटी ५ असेल तर त्याआधी २ लागतोच, म्हणून हे ९५वालं प्रकरण बघताक्षणी बाद. पुढची ३७०५. वजाबाकी ९६०४, म्हणजे ९८चा वर्ग. ३७०५मधून ९८ वजा केले की ३६०७, मिळवले की ३८०३. संपलं. दोन वजाबाक्या!

लगेच फर्माचा जयजयकार मात्र करू नये. त्याची युक्ती चालते ती दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच. तीच संख्या उलटी लिहा: ९८७६५४३२१. नऊने भागून १०९७३९३६९. इथे फर्माच्या वाटेने गेलात तर २८९ आणि ३७९७२१ ही जोडी हाती लागते १,७९,५३०व्या प्रयत्नाला. साधा भागाकार करणारा तिकडे सातव्याच मूळ संख्येला, १७ला, जिंकून मोकळा. फक्त उरलेल्या ६४५५२५७ला १७नेच पुन्हा भागून बघायचं तो हमखास विसरतो, १९पासून थेट २५४०पर्यंत घाम गाळतो आणि ६४५५२५७ ही मूळ संख्या असल्याचं जाहीर करून टाकतो.