खुर्दा किती गेला?

माझ्यापासून दोन मशीन सोडून एक युक्रेनी बाई काम करते. रोज सकाळी आठला ती हातमोजे काढते आणि मिनिटभर नुसती उभी राहते. इथले आठ म्हणजे तिच्या देशातले नऊ. २०२२ च्या मार्चपासून तिकडं रोज नऊला लढाईत गेलेल्यांसाठी एक मिनिट थांबायचा रिवाज आहे. पोलंडमधल्या झेशूफच्या आमच्या कारखान्यात तो कुणी लावलेला नाही, पण तिला कुणी हटकतही नाही. मशीनची सायकल चालू असते, कूलंट उडत असतं. मिनिट संपलं की ती हातमोजे चढवते आणि पुढचा जॉब लावते.

तिचा धाकटा भाऊ दोन वर्षांपासून बेपत्ता आहे. मेलेल्यांत नाही, जखमींत नाही, कैद्यांच्या यादीतही नाही. कैद्यांची अदलाबदल झाली की जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइल काढते आणि बसमधून उतरणाऱ्या, डोकी भादरलेल्या पोरांचे फोटो दोन बोटांनी मोठे करून बघते. एकेक चेहरा. मी समोर डबा उघडून बसलेला असतो आणि तेवढा वेळ मला चपातीचा तुकडा मोडवत नाही.

मी बेळगावचा. उद्यमबागेत नऊ वर्षं फौंड्रीत काढली, मग इकडं आलो. एका सीमेजवळ जन्मलो आणि पोटासाठी दुसऱ्या सीमेजवळ आलो. युक्रेनची हद्द इथून शंभरेक किलोमीटरवर आहे. पहिलं वर्षभर युक्रेनच्या लष्कराचा रोजचा आकडा, म्हणजे काल रशियाचे किती, मी उठल्या उठल्या क्रिकेटच्या स्कोअरसारखा बघायचो. हे आधीच कबूल करतो, कारण पुढं घरच्यांवर बोलणार आहे.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण झालं ते २०२५ च्या ऑक्टोबरात. त्याची पार्श्वभूमी अशी. मेमधल्या ऑपरेशन सिंदूरनंतर ११ तारखेला आपल्या लष्करी मोहिमांचे महासंचालक लेफ्टनंट जनरल राजीव घई यांनी पाकिस्तानचे ३५ ते ४० लष्करी जवान मारले गेल्याचं सांगितलं, आपले ५ गेल्याचंही सांगितलं. दोन दिवसांनी पाकिस्ताननं स्वतःचे ११ गेल्याचं मान्य केलं. मग ऑक्टोबरात घईंनीच तिसरा आकडा मांडला: १४ ऑगस्टला पाकिस्ताननं जाहीर केलेल्या शौर्यपदकांत मरणोत्तर पदकं इतकी आहेत की नियंत्रण रेषेवर त्यांचे शंभरावर गेले असावेत. ग्रुपवर चुलतभावानं लगेच "बघितलास? शंभर!" टाकलं, खाली फटाक्यांची रांग. मी एवढंच विचारलं, "११, ४०, १००. कुठला धरायचा आणि का?" उत्तर आलं, "तिकडं बसून आमच्याकडं हिशेब मागालास व्हय?"

मागालो होतो खरा. पण मला आकड्यापेक्षा तो कुठल्या कागदातून निघाला याचं कुतूहल होतं, आणि ते कुतूहल मी फौंड्रीतून आणलंय.

फौंड्रीत दर शिफ्टला रिजेक्शनचं, म्हणजे बिघडलेल्या मालाचं, रजिस्टर भरतात. मोल्डिंगवाला म्हणतो कोअर, म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा, ओली होती, कोअरवाला म्हणतो वाळूच खराब, भट्टीवाला म्हणतो मी दिलेला रस चोख होता. प्रत्येक शिफ्ट आपलं रिजेक्शन कमी लिहिते आणि मागच्या शिफ्टचं जास्त सांगते. मी नवखा, तिघांची सरासरी काढत बसायचो. एका म्हाताऱ्या मेल्टरनं, म्हणजे भट्टी चालवणाऱ्यानं, एकदा माझ्या हातातलं रजिस्टर मिटलं. "साहेब, हे कशाला बघालासा? चार्जशीट बघा की." चार्जशीट म्हणजे भट्टीत काय किती टाकलं त्याचा कागद. वाया गेलेलं कास्टिंग परत भट्टीतच जातं. परतीचा माल किती किलो पडला हे भट्टीवाल्याला खरंच लिहावं लागतं, नाहीतर कार्बन-सिलिकॉनचं गणित फसतं. त्यातून रनर-रायझरचं, म्हणजे साच्यात रस पोचवणाऱ्या वाटांत गोठलेल्या धातूचं, ठरलेलं वजन वजा केलं की रिजेक्शन हातात. त्या कागदाला कुणाची अब्रू राखायची नसते, म्हणून तो खरं बोलतो.

माणसांना कास्टिंगची उपमा देऊ नये, कळतं मला. पण इथं राहून रशियाचे मृत मोजणाऱ्यांची पद्धत वाचली तेव्हा तो मेल्टरच आठवला.

रशियानं २५ मार्च २०२२ ला आपले १,३५१ सैनिक गेल्याचं सांगितलं, २१ सप्टेंबरला ५,९३७. त्यानंतर अळीमिळी गुपचिळी. मग मीडियाझोना नावाच्या रशियन पत्रकारांच्या चमूनं आणि बीबीसीच्या रशियन विभागानं नावं वेचायला घेतली. गावच्या पानावरची श्रद्धांजली, शाळेच्या भिंतीवरची पाटी, दफनभूमीतली ताजी थडगी. पुरावा पटला तरच नाव यादीत. २०२५ च्या पूर्वार्धात ती यादी एक लाख नावांच्या पुढं गेली, आणि ती अपुरी आहे हे तेच लोक सांगतात.

याहून मला भावली ती त्यांची दुसरी वाट. रशियात माणूस गेला आणि मागं घर, गाडी, बँकेतली शिल्लक राहिली की नोटरीकडं वारसाचं प्रकरण उघडतं. आपण तलाठ्याकडं वारसा लावतो, तसंच. ती नोंदवही कुणालाही बघता येते. मीडियाझोनाच्या आणि मेदुझा या दुसऱ्या रशियन वृत्तसंकेतस्थळाच्या पत्रकारांनी तरुण पुरुषांची वारसा-प्रकरणं बायकांच्या मानानं एकाएकी किती वाढली ते मोजलं. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं त्याचं प्रकरण उघडत नाही, म्हणून नावांच्या यादीशी ताळा घातला. २०२३ च्या अखेरपर्यंत सुमारे ७५ हजार मृत्यू, असा अंदाज निघाला. सरकार कितीही गप्प बसो, बापाच्या खात्यावरचे पैसे पोराला काढायचे असतात. तो कागद होणारच.

पाकिस्तानची पदकांची यादी याच जातीची. ती त्यांनी आपल्या माणसांचा मान करायला काढली, आकडा सांगायला नव्हे. म्हणून तिला वजन आहे आणि घई यांचा धागा मला मोलाचा वाटतो. फक्त त्यातला प्रत्येकजण सिंदूरच्या त्याच चार दिवसांत, त्याच रेषेवर पडला का, हे नावापुढं तारीख आणि ठिकाण लावल्याशिवाय कळत नाही. तोवर शंभर हा अंदाज झाला. चुलतभावाला मला एवढंच सांगायचं होतं, पण तोवर त्यानं ग्रुप म्यूट केला होता.

मग थोरल्या काकांना फोन केला. काका मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, खानापूर तालुक्यात शेती बघतात. ते म्हणाले, "कंपनीत रोज सकाळी परेड स्टेट बनती. हजर किती, सुट्टीवर किती, दवाखान्यात किती. लढाईत बी मोजणी चुकत नाही. आपली किती पोरं कमी झाली ते त्याच रात्री ठाऊक असतंय. समोरची किती? अंधारात गोळी झाडली, तिकडचा आवाज बंद झाला. मेला, पळाला, का आडवा झाला, कुणी जाऊन बघितलंय?"

"म्हणजे नक्की ठाऊक असलेला आकडा कुलपात आणि ठाऊक नसलेला छातीठोक?"

"होय की. पण लढाई चालू असताना आपला आकडा बाहेर सोडलास तर दुसऱ्या रात्री पोरं कुठल्या मनानं वर चढतील? आणि समोरच्याला कळतंय की, हितली फळी पातळ झाली म्हणून."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. युक्रेननंही दोन वर्षं आपला आकडा दाबून ठेवला. झेलेन्स्कींनी २०२४ च्या फेब्रुवारीत ३१ हजार सांगितले, डिसेंबरात ४३ हजार. माझ्या शेजारणीला विचारलं तर ती नाकातून हसते. तिच्या भावासारखे बेपत्ता त्यात कुठं आहेत? तरी ती सरकारवर चिडत नाही. उशीर तिला समजतो.

न समजणारी गोष्ट दुसरी आहे. गलवानात जून २०२० मध्ये आपले २० गेले, ते दुसऱ्या दिवशीच सांगितलं आणि लगोलग नावंही दिली. चीननं आठ महिन्यांनी ४ मान्य केले, आणि त्यावर जाहीर शंका घेणाऱ्या एका चिनी ब्लॉगरला आठ महिन्यांसाठी आत टाकलं. कारगिलचे आपले ५२७. पाकिस्तानात त्याच युद्धाचा आकडा सांगणाऱ्याप्रमाणं बदलतो: लष्कराच्या यादीत ४५३, तर तेव्हा पंतप्रधान असलेले नवाझ शरीफ हजारांत बोलले. या बाबतीत आपली बाजू सरस आहे, आणि परदेशात बसून हे म्हणायला मला काही संकोच वाटत नाही. २०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाचं उद्घाटन झालं तेव्हा त्यावर २५,९४२ नावं होती.

मग ग्रुपवर आम्ही भांडतो कशावर? नेमकं समोरच्याच्या आकड्यावर, जो दोघांनाही ठाऊक नाही. त्यात भाषेची गंमत. आपला असला की वीरमरण, हुतात्मा, धारातीर्थी. समोरचा असला की ठार, खात्मा. इंग्रजीतल्या कॅज्युअल्टीत मेलेले आणि जखमी दोन्ही येतात, पण मराठीत येताना सगळ्याचं 'ठार' होतं. २०२५ च्या जूनमध्ये युक्रेनच्या हिशेबानं रशियाची हानी दहा लाखांवर गेली, तेव्हा आमच्या ग्रुपवर "दहा लाख रशियन ठार" असा मेसेज फिरला. त्यातले कित्येक पायाला प्लास्टर लावून परत खंदकात गेले असतील.

खरं तर सीमाभागातल्या माणसाला आकड्यावर संशय घ्यायला शिकवावं लागत नाही. जनगणनेतली मातृभाषेची टक्केवारी, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीची गर्दी, सगळ्यावर आमची हरकत तयार असते. संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे १०५, १०६ की १०७, यावर चहा थंड होईपर्यंत वाद घालणारी माणसं आमचीच. त्या वादात निदान नावांची यादी समोर असते. तीच माणसं पाकिस्तानचा आकडा आला की एकही प्रश्न न विचारता पुढं ढकलतात. सिंदूरच्या त्याच मे महिन्यात, त्या मोहिमेची माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशींच्या सासरच्या घरावर, आमच्या गोकाक तालुक्यातल्या कोण्णूरला, हल्ला झाल्याची थाप पसरली. पोलिसांनी ती खोटी ठरवली. टाकणारा देशाबाहेरचा, असंही सांगितलं. परदेशातून लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांची पत तेवढ्यानं आणखी घसरली, ते असो.

आणि परदेश म्हणजे काही धुतल्या तांदळासारखा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमुळं बेळगावात शर्कत हे नाव सगळ्यांच्या कानावरचं. शर्कत इराकात, १९१८ च्या ऑक्टोबरात मराठे तिथं लढले. त्या आघाडीवर मेलेल्या, ज्यांना थडगं लाभलं नाही अशांसाठी ब्रिटिशांनी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक बांधलं. त्यावर ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा. २०२१ मध्ये युद्धस्मारकांचं काम बघणाऱ्या त्यांच्या आयोगानं अशा भेदभावाची कबुली देऊन माफी मागितली.

आपण तरी वेगळं काय केलं? पानिपतचा निरोप पेशव्यांकडं गेला तो कसा: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. विश्वासराव आणि भाऊ मोती. सरदार मोहरा. बाकीचे खुर्दा. पुढं त्याला आपण 'लाख बांगडी फुटली' असा गोल आकडा लावला, आणि तोही पुरुषांना न मोजता बांगड्या मोजून. खुर्द्यातल्या एकाचंही नाव आपल्याला येत नाही.

फोन ठेवता ठेवता मी काकांना विचारलं, "श्रीलंकेत शांतिसेनेत होता तेव्हा तुमच्या कंपनीचे किती गेले?" मला वाटलं, परेड स्टेटचा माणूस, एका दमात आकडा सांगेल. ते नावं सांगायला लागले. नाव, मग गाव: एक बेळगुंदीचा, एक नंदगडचा, एक चंदगडकडचा, दोघं साताऱ्याकडचे. सहाव्याशी अडले. गाव आठवत होतं, शेताची वाट आठवत होती, लग्न ठरलेलं होतं तेही आठवत होतं. नाव येईना. "थांब, करतो," म्हणाले आणि फोन बंद झाला.

रात्री दीडला मोबाइल वाजला. तिकडं पाच वाजलेले, काकांची उठायची वेळ. हॅलो न म्हणता त्यांनी नुसतं नाव सांगितलं.