गोळी वेगळी, आतला ऐवज तोच

नमस्कार काका,

"अ‍ॅलर्जीची सेटिरिझिन रोजची, सर्दी झाली की जोडीला सर्दीची गोळी. वर्षानुवर्षं घेतोय, काही झालं नाही. केमिस्ट देतो म्हणजे चालत असणारच, उगाच घाबरवू नका," असं तुम्ही खडसावलंत. दिवसभर पेंग येते का, ते मात्र लिहिलं नाहीत!

सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल, नाक मोकळं करायला फिनाईलएफ्रिन आणि अ‍ॅलर्जीवरचं क्लोरफेनिरामाइन असतं. यातलं तिसरं म्हणजे सेटिरिझिनचं थोरलं भावंड, झोप आणण्यात त्याहून वरचढ. म्हणजे अ‍ॅलर्जीची दोन औषधं एकदम पोटात जातात. तरुणाला फार तर गुंगी येईल, घसा कोरडा पडेल. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची मात्र लघवी तुंबू शकते, आणि घरात संशय गोळीवर जातच नाही. फिनाईलएफ्रिनने बीपी वाढू शकतं. वर अंगदुखीची वेगळी गोळी घेतली, तर पॅरासिटामॉलही दुप्पट होऊ शकतं. मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला ४ ग्रॅमच्या पुढे ते चालत नाही.

आता केमिस्टचं. परळला काउंटरवर मी स्वतः उभा राहिलोय. संध्याकाळी लोकल सुटली की गर्दी लोटते. "सर्दीची द्या." "किती?" "चार." कात्रीने पट्टी कापली जाते आणि घटक छापलेला तुकडा दुकानातच राहतो. तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे, हे त्या पोऱ्याला कोण सांगणार?

बरं, त्या फिनाईलएफ्रिनने नाक तरी मोकळं होतं का? अमेरिकेत औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफडीएच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये सांगितलं की पोटातून घेतल्यास उपयोग होत नाही. २०२४ मध्ये एफडीएने ते विनाचिठ्ठी औषधांतून काढायचा प्रस्तावही मांडला. आपल्याकडेही क्लोरफेनिरामाइन-फिनाईलएफ्रिनच्या मिश्रणावर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं छापायचा आदेश २०२३ मध्ये निघाला.

सेटिरिझिन चालूच असेल, तर ताप-अंगदुखीला साधं पॅरासिटामॉल आणि नाकात मिठाच्या पाण्याचा स्प्रे, एवढ्यावर भागतं. नाक मोकळं करणारे औषधी थेंब तीन-चार दिवसच घाला, पुढे त्यांनीच नाक चोंदतं. बीपी, काचबिंदू, प्रोस्टेट यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि तुमची ती अ‍ॅलर्जी-दम्यावरची मोन्टेलुकास्टची गोळी: तिच्यात बहुतेक वेळा लिव्होसेटिरिझिन, म्हणजे सेटिरिझिनचंच एक रूप, असतंच. पट्टी उलटून बघा. असेल, तर वरची सेटिरिझिन कशाला घेताय, तेही डॉक्टरांना विचारून घ्या.